इंग्लंडच्या खेड्यात घर घ्यायचंय? मग घर सगळ्यात शेवटी बघा

लंडन-बर्मिंगहॅममध्ये घर कसं घ्यायचं हे मराठी ग्रुपवर कोणालाही विचारा, पन्नास उत्तरं येतात. पण खेड्यातल्या घराबद्दल विचारलं की सगळे गप्प, आणि त्यात त्यांची काही चूक नाही. शहरातल्या मित्राच्या घराला ड्रेनेज असतं, पाइपने गॅस येतो, आणि त्याच्या बागेतून अनोळखी माणसाला कुत्रं घेऊन चालत जायचा कायदेशीर हक्क नसतो. आम्ही हेरफर्डशरमध्ये राहतो, नवरा हॉस्पिटलात, मी घरून काम करते, त्यामुळे उदाहरणं बरीचशी इकडचीच आहेत. नियम मात्र सगळ्या इंग्लंडचे. स्कॉटलंडमध्ये खरेदीची पद्धतच वेगळी आणि वेल्समध्ये स्टँप ड्यूटीऐवजी दुसरा टॅक्स आहे. इथे बॉर्डर इतकी जवळ आहे की हे-ऑन-वाय नावाचं गाव वेल्समध्ये आणि त्याला चिकटलेलं कुसॉप इंग्लंडमध्ये, तेव्हा घर नक्की कुठल्या बाजूला येतं ते पहिल्यांदा बघून घ्या.

१. आधी एक हिवाळा भाड्याने काढा

मे-जूनमध्ये खेडं बघायला आलेला माणूस हमखास प्रेमात पडतो. रात्री साडेनऊपर्यंत उजेड, हेजवर फुलं, पबच्या बाहेर टेबलं. तेच गाव डिसेंबरात बघा, चारच्या सुमारास अंधार, रस्त्यावर दिवे नाहीत, फूटपाथ नाही, आणि बर्फ पडला की काउन्सिलची मिठाची गाडी मेन रोडवरूनच फिरते, तुमच्या गल्लीत येत नाही. भाड्याची घरं खेड्यात कमी असतात, शोधायला वेळ लागतो, तरी प्रयत्न कराच. आमच्या ओळखीतले दोघेजण सहा महिने राहून परत शहरात गेले आणि त्यांचे किती पैसे वाचले असतील याचा विचार करा.

आणि खेडं शांत असतं म्हणजे आवाज आणि वास नसतात असं नाही हो! वसंतात शेतात शेणखत आणि स्लरी पसरतात तेव्हा खिडक्या उघडायची सोय नसते, ऑगस्टमध्ये पाऊस यायच्या आत पीक काढायचं म्हणून कंबाइन हार्वेस्टर मध्यरात्रीपर्यंत चालतो, १ ऑक्टोबर ते १ फेब्रुवारी फेझंट पक्ष्याच्या शिकारीचा सीझन असतो म्हणजे शनिवारी सकाळी बंदुकांचे आवाज, रविवारी चर्चच्या घंटा, आणि इकडे सफरचंदांच्या बागा खूप असल्याने शरदात सायडरच्या सफरचंदांनी भरलेले ट्रॅक्टर अरुंद रस्त्यावर तुमच्या पुढे. नवीन आलेल्या माणसाने याची तक्रार केली की गावात त्याचं नाव होतं, पण चांगलं नाही. हे सगळं चालणार असेल तरच पुढच्या पायरीवर या.

एकटेपणाचाही विचार करा. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे पण हेरफर्डहून लंडनला ट्रेनने साधारण तीन तास लागतात, म्हणजे गणपतीला संध्याकाळी सहज चक्कर मारून येऊ असं होत नाही.

२. पैशाचं गणित, आणि पुण्यातला तो फ्लॅट

हा मुद्दा आपल्या लोकांसाठी सगळ्यात महत्त्वाचा आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते. इंग्लंडमध्ये घर घेताना स्टँप ड्यूटी लँड टॅक्स लागतो. एप्रिल २०२५ पासूनचे दर असे, पहिल्या १,२५,००० पाउंडवर शून्य, तिथून २,५०,००० पर्यंतच्या भागावर २ टक्के, तिथून ९,२५,००० पर्यंतच्या भागावर ५ टक्के, त्याच्या वर आणखी. पहिलंच घर घेणाऱ्याला सवलत आहे, ३,००,००० पर्यंत शून्य आणि ३ ते ५ लाखांच्या भागावर ५ टक्के, घर ५ लाखांच्या वर गेलं तर ही सवलत पूर्णच जाते.

आता गोम इथे आहे. पहिलंच घर म्हणजे जगातलं पहिलंच घर. तुमच्या नावावर पुण्यात, ठाण्यात, नाशिकला कुठेही फ्लॅट असेल, अगदी आईबाबांनी तुमचं नाव सोबत लावलेलं असेल तरी तुम्ही फर्स्ट टाइम बायर धरले जात नाही, आणि दोघं मिळून घर घेत असाल तर दोघंही फर्स्ट टाइम बायर लागतात. एवढ्यावर थांबत नाही, दुसरं घर म्हणून संपूर्ण किमतीवर ५ टक्के जादा लागू शकतात, ३१ ऑक्टोबर २०२४ पासून हा दर आहे. तुमचा भारतातला हिस्सा ४०,००० पाउंडांच्या वर किमतीचा असेल तर तो मोजला जातो, आणि नवरा-बायको एकत्र धरले जातात, म्हणजे फ्लॅट तिच्या नावावर आणि घर माझ्या नावावर ही आयडिया चालत नाही.

चार लाख पाउंडांचं घर धरून आकडे बघा. खरोखर फर्स्ट टाइम बायर असाल तर ५,००० पाउंड, साध्या दराने १०,०००, आणि पुण्याच्या फ्लॅटसकट ३०,०००. पंचवीस हजार पाउंडांचा फरक! त्यामुळे घर बघायला लागायच्या आधी टॅक्सवाल्याशी बोला, वारसाहक्काने आलेल्या घराला वेगळे नियम आहेत, आधीचं राहतं घर विकून नवीन घेतलं तर वेगळे. शिवाय खरेदीच्या आधीच्या १२ महिन्यांत तुम्ही यूकेमध्ये १८३ दिवस राहिलेले नसाल तर परदेशी म्हणून आणखी २ टक्के.

डिपॉझिटसाठी भारतातून पैसे आणणार असाल तर ते लवकर हलवा. आईवडील भारतात राहत असतील तर ते एका आर्थिक वर्षात माणशी अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवू शकतात, तिकडे बँक टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच घेतला जाणारा टॅक्स, कापते तो नंतर रिटर्नमध्ये बघायचा. इकडे सॉलिसिटर, म्हणजे खरेदीचे कागद बघणारा वकील, प्रत्येक पैशाचा उगम विचारतो, बाबांनी दिले एवढं सांगून भागत नाही, बाबांकडे कुठून आले तेही दाखवावं लागतं, एफडी मोडली तर तिची पावती, जमीन विकली तर खरेदीखत, आणि ते मराठीत असेल तर भाषांतर. व्हिसावर असाल तर काही बँका डिपॉझिट जास्त मागतात, म्हणून सरळ चांगला मॉर्गेज ब्रोकर गाठा आणि अॅग्रीमेंट इन प्रिन्सिपल, म्हणजे बँक साधारण किती कर्ज देईल याचं पत्र, हातात घेऊनच घरं बघायला जा, त्याशिवाय एजंट सीरियसली घेत नाही.

३. गाव निवडा

पबमधलं जेवण कसं आहे याने सुरुवात करू नका. कागद घ्या आणि लिहा, दुकान आहे का, शाळा आहे का, बस दिवसाला किती आणि रविवारी आहे का, जीपी म्हणजे फॅमिली डॉक्टर किती लांब. हेरफर्डशरमध्ये वेब्ली, पेंब्रिज, अर्डिस्लँड अशी काळ्यापांढऱ्या लाकडी घरांची सुंदर गावं आहेत, टुरिस्ट येऊन फोटो काढतात, पण दोन सुंदर गावांतल्या सोयींमध्ये जमीनअस्मानाचा फरक असू शकतो आणि तो फोटोत दिसत नाही.

पूर. सरकारी वेबसाइटवर पोस्टकोड टाकला की नदीचा आणि पावसाच्या साचलेल्या पाण्याचा धोका वेगवेगळा दिसतो, दोन्ही बघा. फेब्रुवारी २०२० मध्ये स्टॉर्म डेनिस आलं तेव्हा वाय नदीने हेरफर्डला आधीचे रेकॉर्ड मोडले, शेजारच्या हॅम्प्टन बिशपमध्ये घरांत पाणी शिरलं. नदीकाठचं घर स्वस्त दिसलं तर इन्शुरन्सचा कोट घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. १ जानेवारी २००९ च्या आधी बांधलेल्या घरांना फ्लड री या योजनेमुळे विमा परवडतो, त्यानंतरच्या घरांना ती योजना नाही. आणि एजंटला विचारून उपयोग नाही, तो विकणाऱ्याचा माणूस. शेजाऱ्याला विचारा, पूर आला की पाणी कुठपर्यंत येतं ते तो हात करून दाखवतो.

नेटवर्क. ऑफकॉम या टेलिकॉम नियामकाच्या वेबसाइटवर घराच्या पत्त्यावरून ब्रॉडबँड आणि मोबाइल दोन्ही कळतं. गावात फायबर आहे म्हणजे तुमच्या घराला आहे असं नसतं, अर्ध्या मैलावरच्या फार्महाउसला तांब्याची जुनी तार असू शकते. लँकेशरच्या खेड्यांत लोकांनी कंपन्यांची वाट बघून शेवटी स्वतः शेतांतून चर खणून फायबर टाकलं, बार्न नावाची त्यांची संस्था २०११ पासून चालू आहे, पण प्रत्येक गावात एवढी उत्साही मंडळी नसतात. घर बघायला जाल तेव्हा किचनमध्ये, बेडरूममध्ये फोन काढून रेंज बघा, जाड दगडी भिंतीत सिग्नल मरतो, मग वायफाय कॉलिंगवरच जगायचं.

गाडी लागतेच, दोघं नोकरी करत असाल तर दोन लागतात. भारतीय लायसन्सवर इथे राहायला आल्यापासून १२ महिनेच चालवता येतं आणि ते बदलून मिळत नाही, थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्ही टेस्ट द्याव्या लागतात, त्यांच्या तारखा मिळायला वेळ लागतो म्हणून आल्याआल्या प्रोव्हिजनल, म्हणजे शिकाऊ लायसन्सचा अर्ज करा. नाहीतर तेराव्या महिन्यात तुम्ही दिवसाला तीन बस येणाऱ्या गावात अडकलात.

मुलं असतील तर प्रायमरीच्या अर्जाची शेवटची तारीख १५ जानेवारी, सेकंडरीची ३१ ऑक्टोबर. सर्वात जवळची योग्य शाळा ८ वर्षांखालच्या मुलाला २ मैलांपेक्षा आणि मोठ्याला ३ मैलांपेक्षा लांब असेल तर येणंजाणं फुकट मिळतं.

४. आता घर बघा, पण खालून वर

मी घर बघायला गेले की आधी सांडपाणी कुठे जातं ते विचारते. मेन ड्रेनेज नसेल तर सेप्टिक टँक, ट्रीटमेंट प्लांट किंवा सांडपाणी नुसतं साठवणारा सेसपिट असतो. १ जानेवारी २०२० पासून सेप्टिक टँकचं पाणी सरळ ओढ्यात किंवा चरात सोडता येत नाही, एकतर जमिनीत मुरायला ड्रेनेज फील्ड पाहिजे नाहीतर ट्रीटमेंट प्लांट. बऱ्याच जुन्या घरांत अजून तसंच चालू आहे, आणि बदलायचा खर्च पाच आकड्यांत जाऊ शकतो. तेव्हा विचारा, टँक कधी बसवला, शेवटचा कधी उपसला, पाणी कुठे मुरतं, आणि ती मुरायची जागा शेजाऱ्याच्या शेतात असेल तर तसा हक्क कागदावर आहे का. सर्व्हेयरला ड्रेनचं वेगळं इन्स्पेक्शन सांगा, साध्या सर्व्हेत ते धरलेलं नसतं. इकडे लग नदीच्या खोऱ्यात नदीतल्या फॉस्फेटच्या प्रदूषणामुळे २०१९ पासून नवीन घरांच्या परवानग्या अडकत आल्यात, त्यामुळे मागच्या अंगणात एक छोटं घर बांधून भाड्याने देऊ वगैरे प्लॅन असेल तर काउन्सिलला विचारूनच.

पाणी बोअरवेलचं आहे का तेही विचारा, असेल तर तपासणीचा रिपोर्ट मागा.

मग हीटिंग. गॅसची पाइपलाइन नसली की बहुतेक घरांत ऑइलचा बॉयलर असतो, आणि हे हीटिंग ऑइल म्हणजे मुळात आपलं रॉकेल, ज्याच्यासाठी आपले आईवडील रेशनच्या रांगेत उभे राहायचे ते इथे टँकरने दारात येतं आणि कमीत कमी ५०० लिटर घ्यावं लागतं. टँक किती जुना, गंजलाय का, बॉयलरची सर्व्हिस कधी झाली. हीट पंप बसवायचा असेल तर सरकारकडून ७,५०० पाउंडांची ग्रँट मिळते पण भिंतीतून वारा येणाऱ्या घरात तो लावायच्या आधी नीट सल्ला घ्या.

जुन्या घराच्या भिंतींबद्दल. इकडची लाकडी चौकटीची घरं मुळात आपल्या कोकणातल्या कुडाच्या घरांसारखीच, फांद्या विणून वर माती लिंपलेली, आणि अशा भिंतीला श्वास घ्यायला लागतो म्हणून चुन्याचा गिलावा. मधल्या काळात कोणीतरी सिमेंट फासलेलं असतं, मग ओल आत कोंडते आणि लाकूड कुजतं. नवा रंग दिलेल्या खोलीत ओलीचा वास येत असेल तर तुमच्या नाकावर विश्वास ठेवा.

लिस्टेड बिल्डिंग, म्हणजे सरकारी यादीतली वारसा इमारत असेल तर आणखी जपून. ग्रेड वन, ग्रेड टू स्टार आणि ग्रेड टू असे तीन प्रकार, त्यातली ९० टक्क्यांहून जास्त ग्रेड टू. लोकांना वाटतं फक्त बाहेरचा भाग बदलायचा नसतो, पण लिस्टिंग आतल्या जिन्याला, दारांना, फायरप्लेसलासुद्धा लागू होतं. परवानगीशिवाय बदल केला तर तो गुन्हा आहे, आणि आधीच्या मालकाने प्लास्टिकच्या खिडक्या बसवल्या असतील तर काउन्सिल त्या काढायला तुम्हाला सांगू शकते, त्याला काळाची मुदत नाही. म्हणून प्रत्येक बदलाची परवानगी विकणाऱ्याकडून कागदावर मागा. कन्झर्व्हेशन एरियात, म्हणजे जुनं रूप जपायचं ठरवलेल्या भागात, झाड तोडायचं तरी सहा आठवडे आधी कळवावं लागतं. गवताचं छप्पर फोटोत फार गोड दिसतं, पण त्याचा माथा साधारण १०-१५ वर्षांनी नव्याने करावा लागतो आणि इन्शुरन्स महाग. मी घेणार नाही, तुमचं तुम्ही बघा.

आणि एखादं घर आजूबाजूच्यापेक्षा बरंच स्वस्त दिसलं तर आनंदून जाऊ नका, कारण शोधा. कदाचित त्यावर अॅग्रिकल्चरल टाय असेल, म्हणजे शेतीत काम करणाऱ्यानेच तिथे राहायचं अशी प्लॅनिंगची अट. किंवा ते जुनं काउन्सिलचं घर असेल ज्यावर १९८५ च्या हाउसिंग अॅक्टचं सेक्शन १५७ लागतं, त्यात बहुतेक वेळा तीन वर्षं त्या भागात राहिलेल्या किंवा काम केलेल्या माणसालाच विकता येतं. अशा घरांना मॉर्गेज द्यायलाही बँका नाखूश असतात.

५. ऑफर ते किल्ली

इथे ऑफर मान्य झाली म्हणजे काहीच पक्कं झालेलं नसतं. एक्स्चेंज ऑफ काँट्रॅक्ट्स, म्हणजे सह्या केलेल्या करारांची अदलाबदल होईपर्यंत दोघांपैकी कोणीही उठून जाऊ शकतं, विकणारा जास्त पैसे देणाऱ्याला हो म्हणू शकतो आणि तुमचे सर्व्हेचे पैसे गेले ते गेले. वैताग येतो, पण ही सोय तुमच्याही बाजूने आहे. वरचं सगळं तपासायचा वेळ म्हणजे ऑफर ते एक्स्चेंज. एक्स्चेंजला बहुतेक १० टक्के भरावे लागतात आणि त्यानंतर मागे फिरलात तर ते जातात, म्हणून एजंट कितीही घाई करो, उत्तरं आल्याशिवाय सही नाही.

सॉलिसिटर किंवा कन्व्हेयन्सर असा घ्या ज्याने खेड्यातली कामं केलीत, सगळ्यात स्वस्त ऑनलाइन घेऊ नका. जुन्या घराला आरआयसीएस या सर्व्हेयरांच्या संस्थेचा सगळ्यात सखोल लेव्हल ३ सर्व्हे, लेव्हल २ वर भागवू नका. विकल्या गेलेल्या घरांच्या किमती लँड रजिस्ट्रीकडे सगळ्यांना बघायला खुल्या आहेत आणि टायटल रजिस्टर ७ पाउंडांत मिळतं, ऑफर द्यायच्या आधीच काढा.

सॉलिसिटरला तीन गोष्टी आवर्जून विचारा. घरापर्यंतचा रस्ता कोणाचा, खासगी असेल तर आपल्याला जायचा हक्क आहे का आणि डागडुजी कोण करतं. दुसरं, पब्लिक फूटपाथ. ऑर्डनन्स सर्व्हेच्या एक्सप्लोरर नकाशावर हिरव्या तुटक रेषा असतात, ती रेषा तुमच्या अंगणातून जात असेल तर लोक तिथून चालणार, कुलूप लावता येत नाही. तिसरं ऐकून हसाल, चॅन्सल रिपेअर. काही जुन्या जमिनींवर चर्चचा एक भाग दुरुस्त करायची मध्ययुगातली जबाबदारी चिकटलेली असते. वॉरिकशरच्या अॅस्टन कँटलो गावात एका जोडप्याला असं जवळपास लाखभर पाउंडांचं बिल आलं, केस हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेली आणि २००३ मध्ये ते हरले. ऑक्टोबर २०१३ नंतर नियम बदलले, धोका बराच कमी झाला, पण सर्च किंवा विमा फार महाग नाही, करून टाका.

६. राहायला आल्यावर

सामानाची मोठी व्हॅन तुमच्या गल्लीत वळेल का हे आधी मोजा. ऑइल सप्टेंबरात भरा, डिसेंबरात सगळ्यांनाच पाहिजे असतं, आणि गावात मिळून ऑर्डर देणारा ग्रुप असेल तर त्यात शिरा, स्वस्त पडतं. लाइट गेली तर १०५ नंबर. फार्मसी एक मैलापेक्षा लांब असेल तर बऱ्याच खेड्यांतले जीपी स्वतःच औषधं देतात, नाव नोंदवताना विचारा. काउन्सिल टॅक्सचा बँड घराच्या १९९१ च्या किमतीवर ठरतो, त्यात पॅरिश काउन्सिलचा, म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीसारख्या संस्थेचा, छोटा हिस्साही असतो.

ही पॅरिश काउन्सिल नुसतीच बाकं आणि गवत बघणारी वाटते, पण शेजारच्या शेतात पन्नास घरं येणार आहेत का हे तुम्हाला तिच्या मीटिंगमध्ये पहिल्यांदा कळतं. मीटिंग सगळ्यांना खुली असते, अजेंडा तीन दिवस आधी बोर्डवर लागतो. पहिल्या दोन वेळा गप्प बसून ऐका. व्हिलेज हॉलच्या भाज्यांच्या शोमध्ये टेबलं लावायला माणूस कमीच असतो, तिथे गेलात की आपोआप ओळखी होतात, फार प्रयत्न करावे लागत नाहीत. रस्त्यात दिसेल त्याला हात करा, गाडीतूनसुद्धा, बाजू देणाऱ्याला तर नक्कीच. घोडा दिसला तर ताशी १० मैलांच्या आत आणि निदान दोन मीटर अंतर ठेवून.

घोड्यांवरून आठवलं, दिवाळी. कायद्याने दिवाळीच्या रात्री एक वाजेपर्यंत फटाके चालतात, एरवी बहुतेक रात्री अकरापर्यंतच. पण खेड्यात घोडे, मेंढ्या, गवताची छपरं असतात, त्यामुळे चार-पाच दिवस आधी शेजारी जाऊन तारीख आणि वेळ सांगून या, म्हणजे ते घोडे तबेल्यात घेतील. ५ नोव्हेंबरच्या बॉनफायरमुळे त्यांना या गोष्टीची सवय आहे, नाराजी असते ती न सांगता उडवल्याची. जाताना फराळाचा डबा न्या, फक्त चिवड्यात शेंगदाणे आणि काजू आहेत हे देतानाच सांगा, इथे नट अॅलर्जी बऱ्याच जणांना असते.